डायनामो तपासण्याची माझी पद्धत

मंगळवार, ३ तारीख

आज थोरल्याने धाकट्याचा दात पाडला.

डॉक्टर म्हणाले होते, "आप्पा, तुमची धडधड काळजीची आहे. मनात घोळवत बसण्यापेक्षा वहीत लिहून काढत जा." माझी शाळा चौथीतच सुटली, पुढचं सगळं शिक्षण ट्रकवर झालं. तरी लिहितो. पोरं हसतात. "आप्पांची कादंबरी कुठवर आली?" असं धाकटा रोज विचारतो. आज विचारलं नाही. तोंडात कापूस होता.

भांडण टेंपोवरून. टेंपो एक आणि पोरं दोन. सकाळी थोरला बाजारात भाजीचे क्रेट वाहतो, दुपारनंतर धाकटा लोकांचं घरसामान हलवतो. आज सकाळी थोरल्याने सेल्फ मारला तर नुसतं टक् टक्. बॅटरी बसलेली. थोरला धाकट्याला अंथरुणातून ओढत अंगणात घेऊन आला.

"टेप लावून बसतोस गाडीत, हरामखोरा! बॅटरी काय तुझ्या बापाची आहे?"

"आपला बाप एकच आहे, दादा," धाकटा म्हणाला.

उत्तर हसण्यासारखं होतं. मला आतून हसूही आलं. पण थोरल्याच्या हातात लोखंडी टॉर्च होता.

मी ओरडलो, पण माझा आवाज असा आहे की मी ओरडलो हे मलाच कळतं. सूनबाईने येऊन नवऱ्याचा हात धरला. पायरीवरचं रक्त तिनेच धुतलं. ती काही बोलत नाही. मला तिच्या न बोलण्याचीही धास्ती वाटते.

बॅटरी नवी आहे, मागच्याच महिन्यातली. बसवली त्या दिवशी मी स्वतः सगळं तपासून दिलं होतं. मग बसते कशी?

बुधवार, ४

पोरांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण दोष सापडला तर भांडायला कारणच उरणार नाही, असा विचार करून आज मी बॉनेट उघडलं.

आधी बॅटरीची टोकं घासून घट्ट केली. मग पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, ताण बरोबर होता. धक्का मारून गाडी चालू केली, हेडलाइट लावले आणि धाकट्याला रेस द्यायला सांगितली. रेस वाढली की दिवा उजळायला हवा. उजळला नाही. म्हणजे बॅटरी बिचारी निर्दोष, तिला भरणारा डायनामोच उपाशी. थोरला त्याला अल्टरनेटर म्हणतो. चार्जिंग थांबलं की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, पण आमचा डॅशबोर्ड थोरल्याने गेल्या वर्षी बुक्क्या मारून फोडला. एका हवालदाराने गाडी अडवली होती, आणि हवालदाराला मारता येत नाही.

"बघ," मी म्हटलं. "धाकट्याचा दोष नाही."

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बॉनेट इतक्या जोरात आपटलं की माझी बोटं थोडक्यात वाचली. माफी मागणं त्याला जमत नाही. लहानपणीही पाटी फोडायचा, पण चुकलं म्हणायचा नाही.

डायनामो काढून वाइंडरकडे, म्हणजे मोटारींच्या गुंडाळ्या भरणाऱ्याकडे, नेला. गल्लीच्या टोकाला त्याचं दुकान आहे, मागच्या खोलीत त्याची अंथरुणाला खिळलेली आई असते. जाड भिंगांचा चष्मा लावलेला हा बारीकसा माणूस कामाशीच बोलतो. "ये बाई, बाहेर ये," म्हणत त्याने आतली गुंडाळी काढली. तांब्याची तार ओढून ओढून त्याच्या बोटांना बारीक घट्टे पडले आहेत. बाहेर माझे दोघे एकमेकांना शिव्या देत होते, आत आम्ही दोघंच.

"करंट एकाच दिशेने सोडणारे आतले डायोड भाजलेत, काका," तो म्हणाला.

"कशाने?"

"चालू गाडीत कुणी बॅटरीची तार काढली तर भाजतात. करंटला जायला जागा राहत नाही, मग तो उलटून घरच्यांनाच मारतो. तुमच्याकडे काढतं का कुणी?"

मी म्हटलं, छे.

मी काढतो. पण मी तपासायला काढतो, तेही चांगला पाना घेऊन, नीट. तो बोलत होता ते आडदांडपणे ओढणाऱ्या पोरांबद्दल. शिवाय दुकानदार कारण नेहमी गिऱ्हाइकाच्याच पदरात टाकतो.

शुक्रवार, ६

डायनामो बसवला. पोरं जेवायला आत गेल्यावर मी माझ्या पद्धतीने तपासला.

पद्धत ट्रकवरच्या माझ्या वस्तादाची. इंजिन चालू ठेवायचं, दिवे लावायचे, रेस थोडी वाढवून ठेवायची आणि बॅटरीचं एक टोक पान्याने ढिलं करून झटकन उचलायचं. दिवे टिकले तर डायनामो कमावता आहे. विझले तर इतके दिवस बॅटरीच्या जिवावर बसून खात होता. ट्रकवर असताना प्रत्येक फेरीआधी मी हे केलं आणि रस्त्यात कधी अडकलो नाही.

आज टोक उचललं तर दिवा क्षणभर पांढराशुभ्र झाला, डोळे दिपले. मग जरा मंद होऊन टिकला. वाइंडरचं काम दणकट आहे. उगाच त्याच्यावर संशय घेतला.

आत जाऊन सांगितलं, "पास." थोरला म्हणाला, "आप्पांनी पास केलं म्हणजे झालं." मला फार बरं वाटलं. दुपारी दोघे भाऊ एका ओळीत बसून जेवले. बोलले नाहीत, पण धाकट्याला चावता येत नाही हे पाहून थोरल्याने आपल्यातलं मऊ मऊ त्याच्या ताटात सारलं. माझ्या घशात घास अडकला. ठसका लागला समजून दोघांनी माझ्या पाठीत बुक्के मारले. थोरल्याचा बुक्का अजून दुखतोय.

शनिवार, ७

टेंपो बाजाराच्या दारातच बंद पडला. मागे गाड्यांची रांग. मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला आणि वाजवतच राहिला. थोरला जॅकचा दांडा घेऊन उतरला.

पुढचं मला लिहायचं नाही, पण डॉक्टर म्हणाले सगळं लिहा. ट्रकवाल्याचा गुडघा फोडला. तो खाली पडल्यावरही मारत होता. हमालांनी ओढून काढलं तेव्हा एका हमालालाही लागलं. आता बाजारात थोरल्याला पाय ठेवायची बंदी आहे.

तो घरी आला तेव्हा शर्टावर छातीपर्यंत रक्त होतं. "कुठे लागलं?" मी विचारलं.

"माझं नाही हे," तो म्हणाला, आणि चहा मागितला.

सूनबाईने शर्ट बादलीत टाकला. पाणी लाल झालं ते ओतून दुसरं घेतलं. ते लाल झालं तसं तिसरं. मी दारात उभा होतो. ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही त्यांना लहानपणी मारायचात का?"

मी म्हटलं, "नाही गं. हात उचलला नाही कधी."

"मग शिकले कुठे?"

पुढचा तासभर मी गॅस बंद आहे की नाही तेच पाहत होतो.

संध्याकाळी धाकटा बोलायचं ते बोललाच. "बाजार तू घालवलास, आता माझ्या दुपारच्या भाड्यावर जगणार का?" थोरल्याने त्याला भिंतीवर आपटलं. धाकट्याने भिंतीला टेकवलेली पहार उचलली. मी मध्ये गेलो. पहार माझ्या कोपराला चाटून गेली. मग दोघेही थांबले, एकदम घाबरून, जणू मी काचेचा आहे. कोपर सुजलंय, पण ते थांबले हे महत्त्वाचं. यापुढे मध्येच उभं राहत जावं.

हे सगळं एका डायनामोमुळे. काल पास केलेला डायनामो आज कसा मेला? माझ्या तपासणीत तर चांगला होता.

सोमवार, ९

पुन्हा वाइंडरकडे. त्याने उघडला, चष्मा कपाळावर चढवला, मग पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"परत तेच. काका, हे माझ्या कामात होत नाही."

"मग कुणाच्या कामात होतं?" थोरल्याने त्याची कॉलर धरली. "जुना माल घालतोस आणि आम्हाला शिकवतोस?"

"आधी सोडा. चष्मा पडेल." तो खरंच एवढंच म्हणाला. थोरल्याने सोडलं, पण जाताजाता टेबलावरच्या डब्यातले सगळे स्क्रू जमिनीवर उधळले. वाइंडर खाली बसून वेचू लागला. मीही वाकलो तर म्हणाला, "राहू द्या काका, कंबर धरेल. एवढं सांगा, गाडी चालू असताना तारेला कुणी हात लावत नाही ना?"

"नाही रे बाबा. घरात तेवढं कळणारा मी एकटाच आहे."

त्याने दुसरे डायोड टाकून दिले. या वेळी काही चुकायला नको म्हणून मी दुप्पट काळजी घेतली. रेस चढवली आणि टोक एकदा उचललं, परत लावलं, पुन्हा उचललं. मन भरेना म्हणून आणखी एकदा. दर वेळी दिवा पांढराशुभ्र. शेवटी थोडा लुकलुकला, पण टिकला.

तरी आज दोनदा उठून बॉनेटला हात लावून आलो. कशासाठी ते समजत नाही. पोरांना "पास" म्हणून सांगितलं.

बुधवार, ११

धाकटा दवाखान्यात आहे.

काल दिवेलागणीच्या वेळी एक कपाट पोहोचवून येत होता. दिवे मंद होत होत विझले, मागचेही. त्याने गाडी कडेला घेतली, पण मागून येणाऱ्या डंपरला ती दिसलीच नाही. टेंपोची मागची फळी आत घुसली आणि धाकटा दारातून बाहेर फेकला गेला. गळ्याजवळचं हाड मोडलंय, दोन बरगड्यांना चीर आहे. डोकं वाचलं.

थोरला कॉटजवळ उभा राहून रडला. भावासाठी रडताना मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. धाकट्याचे पाय धरून तो म्हणत होता, "तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं रे!" धाकटा म्हणाला, "दुसरा दात पाडायला कोण मिळालं असतं?" हसला आणि बरगड्यांनी कळवळला.

मग थोरल्याने नाक पुसलं. "आप्पांनी गाडी तपासली होती. आप्पांची तपासणी चुकत नाही. म्हणजे त्याने माल खोटा घातला. माझ्या भावाला मारायला निघाला होता तो."

मी म्हटलं, "असं कसं म्हणतोस? कुणालाही..."

"तुम्ही पास केला होतात की नाही?"

"केला होता."

तो निघून गेला. मला वाटलं औषध आणायला गेला.

गुरुवार, १२

काय झालं ते थोरल्याने स्वतः सांगितलं, जेवताना, एखाद्या कामाबद्दल सांगावं तसं.

वाइंडरच्या टेबलाला लोखंडी वाईस बसवलेला आहे, कामाचा तुकडा दोन जबड्यांत धरून दांडा फिरवून आवळतात तो. थोरल्याने वाइंडरचा हात त्यात घातला आणि दांडा फिरवला. "ओरडत होता, तार कोण काढतं विचारा, तार कोण काढतं विचारा. मी म्हटलं, काढतो आता तुझी तार." हे सांगून तो हसला. धाकटाही हसला. त्याला दुपारी घरी सोडलंय, हात गळ्यात आहे. थोरला त्याला स्वतःच्या हाताने भरवत होता.

वाइंडरने पोलिसांत नाव दिलेलं नाही. मशीनमध्ये हात सापडला असं सांगितलंय. थोरल्याला कोण घाबरत नाही?

वहीत खोटं लिहिण्यात अर्थ नाही. ऐकून माझ्या हातातला घास ताटात पडला, आणि तरी पोरं एका ताटात जेवताना पाहून बरंही वाटलं. त्यांच्या आईची जाताना एवढीच इच्छा होती. ती पुरी झाली ती अशी.

जेवण झाल्यावर मोरीत जाऊन ओकलो. वय झालं, पचत नाही.

शुक्रवार, १३

थोरल्याने दुसरीकडून कोरा डायनामो आणून बसवून घेतला. मी पाना घेऊन गेलो, पण त्याला घाई होती, किल्ली दिली नाही. गाडी दिवसभर चालली, काही कुरकुर नाही.

"बघा आप्पा," तो म्हणाला, "माल खरा असला की गाडी चालते. तुम्ही तपासलासुद्धा नाही, तरी चालते."

तपासलासुद्धा नाही, तरी चालते. हे वाक्य तेव्हापासून डोक्यात भुंग्यासारखं फिरतंय.

शनिवार, १४

वाइंडरला पाहायला दवाखान्यात गेलो. कुणाला सांगितलं नाही. भीती वाटत होती, पण न जाण्याचीही भीती वाटत होती.

उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या गुंडाळीत होता. चष्मा फुटलेला, त्यामुळे मला ओळखायला त्याला वेळ लागला. पाठवलं कुणी, असं त्याने विचारलं नाही. म्हणाला, "काका, तुमच्याशी माझं वैर नाही. फक्त मला कळलं पाहिजे. झोपताना तेच, उठताना तेच. मी टाकलेले डायोड मी स्वतः मीटरने तपासून घेतलेले होते. गाडी घरी गेल्यावर तुम्ही काय काय करता? पहिल्यापासून सांगा."

मी पहिल्यापासून सांगितलं. इंजिन चालू, दिवे चालू, रेस वाढवली. पाना घेतला. आणि सांगता सांगता मी थांबलो, कारण पुढचं वाक्य काय आहे ते मला ऐकू आलं होतं.

"...आणि टोक उचलतो," मी म्हटलं.

"चालू गाडीत?"

"डायनामो असाच तपासतात. वस्ताद..."

"तो जुना डायनामो, काका! साठ वर्षांपूर्वीचा! त्याला काही होत नव्हतं. हा वेगळा आहे. याच्या पोटात डायोड आहेत. मी तुम्हाला सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं."

"मला वाटलं, तू दुसऱ्यांबद्दल बोलतोयस."

त्याने गुंडाळलेला हात मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला सुळी," आणि डाव्या हाताने स्टीलचा पेला उचलून मला फेकून मारला. कपाळावर बसला. "चालते व्हा! म्हातारड्या, चालता हो!" नर्स धावत आली. मी बाहेर आलो. रक्त डोळ्यात उतरत होतं आणि मला वाटत होतं, दुसराही पेला असायला हवा होता.

घरी थोरल्याने कपाळ पाहिलं. पडलो म्हटलं, पण मला खोटं बोलता येत नाही, कोण भेटलं कुठे भेटलं करत त्याने काढून घेतलंच. मग मी सगळं सांगून टाकलं. डायोड त्याने नाही, मी जाळले. दर वेळी मी.

दोघेही ऐकत होते. धाकटा म्हणाला, "आप्पा, त्याने तुम्हाला धमकावलं का?"

"नाही रे. मी खरं सांगतोय."

"माझ्या म्हाताऱ्या बापाला मारलं," थोरला म्हणाला. त्याने माझं ऐकलंच नव्हतं. "मारून वर त्याच्याच तोंडी गुन्हा घातला. आप्पा, तुम्ही घाबरला आहात. तुम्ही कुणासाठीही काहीही कबूल कराल. लहान असताना शेजाऱ्याची काच मी फोडली तेव्हाही तुम्हीच जाऊन पाया पडला होतात."

"तेव्हाचं वेगळं..."

"उद्या दुपारी त्याच्या दुकानाची राख करतो."

"मागे त्याची आई असते रे! तिला उठता येत नाही."

"तिला आधी बाहेर काढू," धाकटा म्हणाला. समजूतदारपणे म्हणाला. मला तोच जास्त भयंकर वाटला.

रविवार, १५

बसून लिहितोय. आज अक्षर लागलं नाही तरी चालेल.

दुपारी थोरल्याने डिझेलचा डबा टेंपोत ठेवला. धाकटा गळ्यात हात बांधून शेजारच्या सीटवर बसला. मी पाना घेऊन पुढे उभा राहिलो.

"बाजूला व्हा, आप्पा."

"गाडी तपासून देतो. मग जा."

"कशाला?"

"माझ्या समाधानासाठी."

यावर तो सहसा नाही म्हणत नाही. बाहेर पडण्याआधी आप्पांनी गाडीला हात लावायचा, हा त्याच्या लहानपणापासूनचा शिरस्ता. त्याने डब्यावरचा हात काढला. मी धाकट्याला ड्रायव्हरच्या जागी सरकायला सांगितलं, पाय तर त्याचे धड आहेत. थोरल्याला हेडलाइटच्या समोर उभं केलं. सूनबाई दारात येऊन थांबली.

"आता नीट बघ," मी म्हटलं. "आणि हा डायनामो कोरा आहे, लक्षात ठेव. वाइंडरचा हात याला लागलेला नाही."

रेस वाढली. मी टोक उचललं. दिवे तसेच पेटत राहिले. परत लावलं. थोरल्याने टेस्टलॅम्प, म्हणजे वायरीचा छोटा दिवा, बॅटरीला लावून पाहिला, रेसबरोबर उजळत होता, चार्जिंग व्यवस्थित.

"झालं?" तो म्हणाला. "कुठे जळला?"

लिहायला लाज वाटते, पण त्या वेळी माझ्या छातीवरचा दगड उतरला. वाटलं, म्हणजे मी नाहीच. वाइंडरचं काहीतरी चुकत असणार. मी सुटलो. बाजूला होऊन त्यांना जाऊ द्यायचं, एवढंच करायचं होतं. पाना खिशात घालायला हात खालीसुद्धा गेला.

सूनबाई माझ्याकडे बघत होती. थोरल्याकडे नाही, माझ्याकडे.

"आणखी रेस दे," मी धाकट्याला म्हटलं. "पूर्ण दाब. सगळे दिवे लाव."

इंजिन किंचाळायला लागलं. मी टोक उचललं.

दिवे पांढरे झाले, दुपारच्या उन्हातसुद्धा डोळ्यांना टोचले, आणि एकामागोमाग दोन्ही बल्ब फट् फट् करून फुटले. बॉनेटमधून जळक्या लाखेचा वास आला. मी टोक परत लावलं आणि थोरल्याच्या हातातून गळालेला टेस्टलॅम्प उचलून त्याला दिला. त्याला तपासता येतं, मीच शिकवलंय. त्याने लावला. भावाला हात करून रेस कमी करायला लावली, वाढवायला लावली. दिवा तेवढाच राहिला. पट्टा दाबून पाहिला. वायर हलवून पाहिली. पुन्हा लॅम्प लावला. एवढ्या सावकाश काम करताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"दर वेळी?" त्याने विचारलं.

"दर वेळी."

त्याने मला मारलं. उघड्या हाताने, कानशिलावर. मी मडगार्डला आपटलो आणि खाली बसलो. कानात शिट्टी वाजत होती. धाकट्याने रेसवरचा पाय काढला, पण तो उतरला नाही. सूनबाई ओरडली, तिचा आवाज मी घरात पहिल्यांदा इतका मोठा ऐकला.

थोरल्याने जॅकचा दांडा घेतला. मला वाटलं, आता संपलं, आणि मी डोळे मिटले. काच फुटल्याचा आवाज आला. मग दुसरी. तो टेंपोला मारत होता. हेडलाइट, आरसे, बॉनेट, दार. धाकटा आतून खाली वाकून "दादा, मी आत आहे! दादा!" करत पलीकडच्या दाराने बाहेर पडला. थोरला थांबला नाही. दांडा वाकला तेव्हा हातांनी मारायला लागला. गल्लीतले लोक दारांतून बघत होते, आत जात होते, पुन्हा येऊन बघत होते. सूनबाईने डिझेलचा डबा उचलला, नळाजवळच्या गटारात पूर्ण ओतला आणि रिकामा डबा घेऊन आत गेली. तिला कुणी अडवलं नाही.

मग तो टायरला टेकून बसला. माझ्यापासून हातभर अंतरावर. त्याच्या मुठी फाटल्या होत्या. या वेळी रक्त त्याचंच होतं. आम्ही दोघे तसेच जमिनीवर बसून राहिलो, एवढ्या जवळ आम्ही कित्येक वर्षांत बसलो नव्हतो. मला त्याच्या पाठीवरून हात फिरवावा वाटला, पण भीती वाटली.

"आप्पा," तो म्हणाला. आवाज बसला होता. "कुठला हात होता?"

"तुला आठवत नाही?"

"नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो."

"उजवा," मी म्हटलं.

त्याने आपली उजवी मूठ उघडून पाहिली.

"तार तो उजव्यानेच ओढायचा?"

"हो," मी म्हटलं. "उजव्यानेच."